औद्योगिक परिसरातील वनस्पति-आवरण व पाण्याचे मुरणे

पावसाचे पाणी जमिनीच्या पृष्ठभागावरील छिद्रांवाटे मातीत शिरण्याच्या क्रियेस पाणी मुरणे असे म्हणतात. गवत, झुडपे, वृक्ष व त्यांच्याखाली साचलेला पालापाचोळा यांचे जमिनीवर जे आच्छादन तयार होते, ते वनस्पति-आवरण होय. शेतात व वनात या दोहोंचा संबंध फार पूर्वीपासून अभ्यासिला गेला आहे. कारखान्याच्या आवारात मात्र जमीन तुडविली जाते, तिच्यावर राख, तेल, गाळ वगैरे पदार्थ पडतात आणि तिचा बराच भाग छपरांनी व रस्त्यांनी झाकला जातो. त्यामुळे तेथे या संबंधाचे स्वरूप वेगळे असते. अशा आवारात पाणी किती मुरावे याबरोबरच ते कोठे मुरावे व कोठे मुरू नये, हाही महत्त्वाचा प्रश्न असतो.

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंकुशनगर (महाकाळा) हे साखर कारखान्याभोवती वसलेले ठिकाण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. ते गोदावरीच्या उत्तरेकडील काळ्या जमिनीच्या पट्ट्यात आहे. जालना जिल्ह्याचे वार्षिक सरासरी पर्जन्यमान सु. ६५० ते ७५० मिमी. असून त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आणि तोही मोजक्या जोरदार सरींत पडतो. २०१२-१३ च्या अवर्षणात या जिल्ह्याला तीव्र पाणीटंचाईला तोंड द्यावे लागले. अशा प्रदेशात एखाद्या विस्तीर्ण आवारावर पडलेला पाऊस नाल्यावाटे निघून जातो की जमिनीत राहतो, यावर आसपासच्या विहिरींची स्थिती काही अंशी अवलंबून असते.

पाणी मुरण्याची क्रिया : कोरड्या मातीवर पाणी पडले की, प्रथम केशाकर्षणामुळे व गुरुत्वाकर्षणामुळे ते झपाट्याने आत ओढले जाते. वरचा थर भिजत जातो तसतशी ही गती मंदावते व अखेरीस ती जवळजवळ स्थिर होते. डब्ल्यू. एच्. ग्रीन व जी. ए. अँप्ट यांनी १९११ मध्ये या क्रियेचे पहिले महत्त्वाचे गणितीय विवरण मांडले. अमेरिकन जलविज्ञ रॉबर्ट हॉर्टन यांनी १९३३ मध्ये असे दाखविले की, पावसाची तीव्रता जमिनीच्या तत्कालीन मुरवणक्षमतेपेक्षा जास्त झाली म्हणजे उरलेले पाणी पृष्ठभागावरून वाहू लागते. या वाहत्या पाण्यास अपवाह म्हणतात. साधारणपणे स्थिरावलेली मुरण्याची गती वाळूत ताशी ३० मिमी.हून अधिक, वाळूमिश्रित पोयट्यात २० ते ३० मिमी., पोयट्यात १० ते २० मिमी. व चिकण मातीत १ ते ५ मिमी. इतकी असते.

मातीतील छिद्रांचे एकूण आकारमान जितके महत्त्वाचे, त्याहून त्यांचा व्यास अधिक महत्त्वाचा असतो. अरुंद नळीतून वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण तिच्या त्रिज्येच्या चतुर्थ घातानुसार बदलते. त्यामुळे १ मिमी. व्यासाच्या एका सलग छिद्रातून जेवढे पाणी जाते, तेवढे जाण्यासाठी ०.१ मिमी. व्यासाची १०,००० छिद्रे लागतात. गांडुळांची बिळे, कुजलेल्या मुळांच्या नळ्या व मातीच्या कणसमूहांमधील फटी ही अशी मोठी छिद्रे होत. ती मोडली म्हणजे मातीची एकूण सच्छिद्रता फारशी घटली नाही, तरी मुरण्याची गती मात्र अनेक पटींनी खाली येते.

काळ्या जमिनीचे वैशिष्ट्य : दक्षिणेच्या पठारावरील बेसाल्ट खडकाच्या अपक्षयातून बनलेल्या काळ्या जमिनीत माँटमोरिलोनाइट गटातील चिकण खनिजांचे प्रमाण मोठे असते. ही खनिजे पाणी शोषून फुगतात व वाळली की आकसतात. उन्हाळ्यात या जमिनीला काही सेंमी. रुंदीच्या व बऱ्याच खोल भेगा पडतात. पहिल्या पावसाचे पाणी या भेगांतून वेगाने खाली जाते. पण माती फुगून भेगा मिटल्या की, हीच जमीन अत्यंत मंद गतीने पाणी घेते. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय अर्धशुष्क उष्ण कटिबंधीय पीक संशोधन संस्थेच्या (इक्रिसॅट) क्षेत्रावर खोल काळ्या जमिनीत केलेल्या मोजणीत पहिल्या अर्ध्या तासात मुरण्याची गती ताशी सु. ७६ मिमी., पुढील अर्ध्या तासात ३४ मिमी. व दुसऱ्या तासात ४ मिमी. आढळली, १४४ तासांनंतर ती ताशी सु. ०.२ मिमी. इतकीच राहिली. म्हणजे मृगाच्या पावसात सच्छिद्र वाटणारी जमीन हस्ताच्या पावसात जवळजवळ अभेद्य झालेली असू शकते. काळ्या जमिनीवर वनस्पति-आवरणापासून कोणती अपेक्षा करावी व कोणती करू नये, हे या आकड्यांवरून ठरते.

उद्योगामुळे जमिनीत होणारे बदल : उद्योगक्षेत्रातील जमिनीची मुरवणक्षमता मुख्यतः चार कारणांनी घटते. (१) छपरे, डांबरी रस्ते व सिमेंटचे ओटे यांमुळे जमीन पूर्णपणे झाकली जाते. (२) बांधकामाच्या वेळी वरचा सुपीक थर खरवडला जातो व त्यावर मुरूम व दगड यांचा भराव घालून तो रुळाने दाबला जातो. (३) अवजड वाहनांच्या वर्दळीने माती दबते. (४) राख, कोळशाची भुकटी, तेल, वंगण व सांडपाण्यातील गाळ यांमुळे पृष्ठभागावरील छिद्रे बुजतात. सांडपाण्यात सोडियमाचे प्रमाण अधिक असेल, तर चिकण मातीचे कणसमूह विस्कटतात आणि माती पावसात चिखल व वाळल्यावर कठीण ढेकूळ बनते.

साखर कारखान्यात यांपैकी तिसरे कारण विशेष प्रभावी ठरते. गाळपाचा हंगाम सामान्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. त्या वेळी परतीच्या पावसाची ओल काळ्या जमिनीत टिकून असते. ओलसर माती कोरड्या मातीपेक्षा अधिक दबते. नेमक्या याच काळात उसाने भरलेले ट्रक, ट्रॅक्टर व बैलगाड्या यांची वजनकाट्यापासून गव्हाणीपर्यंत रीघ लागते. गाडीतळावरील जमीन अशा रीतीने काही महिने तुडविली जाते, उन्हाळ्यात ती उघडी पडून तापते आणि जूनमधील जोरदार सरी तिच्या उघड्या व दबलेल्या पृष्ठभागावर कोसळतात. पाणी मुरण्याच्या दृष्टीने ऋतुक्रम व कामाचा क्रम यांचा हा मेळ अतिशय प्रतिकूल होय. दबलेल्या जमिनीत मुळेही शिरत नाहीत. चिकण मातीची स्थूल घनता दर घ. सेंमी.स सु. १.५ ग्रॅ.च्या आसपास गेली की मुळांची वाढ खुंटते. वाळूमय जमिनीत ही मर्यादा सु. १.८ ग्रॅ. असते. त्यामुळे केवळ बी फेकून वा खड्डे खणून अशा जागी आवरण उभे राहत नाही.

वनस्पति-आवरणाचे कार्य : वनस्पती पाणी मुरण्यास पाच प्रकारे साहाय्य करतात.

पहिला प्रकार म्हणजे थेंबांच्या आघातापासून संरक्षण. सु. ५ मिमी. व्यासाचा पावसाचा थेंब सेकंदाला सु. ९ मी. वेगाने जमिनीवर आदळतो. या आघाताने कणसमूह फुटतात, सुटे झालेले बारीक कण छिद्रांत जाऊन बसतात आणि काही मिमी. जाडीची घट्ट पापडी तयार होते. ही पापडी खालची माती कितीही सच्छिद्र असली, तरी पाण्याला अडविते. जमिनीलगतचे गवत व पालापाचोळा हा आघात झेलतात. उंच वृक्षांच्या बाबतीत मात्र एक गैरसमज आढळतो. पानांच्या टोकांवर पाणी जमून पडणारे थेंब पावसाच्या थेंबांपेक्षा मोठे असतात आणि ८-९ मी. उंचीवरून पडताना ते आपल्या कमाल वेगाच्या जवळपास पोहोचतात. म्हणून खाली झाडून स्वच्छ केलेल्या उघड्या जमिनीवर उभी असलेली वृक्षांची रांग मुरण्याच्या दृष्टीने फारशी उपयोगी पडत नाही. पाचोळा झाडून जाळण्याची प्रथा या कारणाने हानिकारक आहे.

दुसरा प्रकार मुळांचा. जिवंत मुळे माती फोडीत जातात व मेल्यावर त्यांच्या जागी सलग नळ्या उरतात. गवताची तंतुमय मुळे वरच्या थरात कणसमूह बांधून ठेवतात, तर झुडपांची व वृक्षांची मुळे खोलवर वाटा पाडतात. तिसरा प्रकार सेंद्रिय द्रव्याचा. कुजलेल्या पाल्यामुळे मातीचे कण एकत्र बांधले जातात आणि गांडुळे, वाळवी व सूक्ष्मजीव यांना अन्न मिळते. त्यांच्या बिळांनी मोठ्या छिद्रांत भर पडते. चौथा प्रकार प्रवाहाच्या गतिरोधाचा. गवताच्या दाट ताटव्यातून वाहणारे पाणी मंदावते, जागेवर अधिक वेळ थांबते व त्यातील गाळ खाली बसतो. पाचवा प्रकार बाष्पोच्छ्वासाचा. दोन पावसांच्या दरम्यान वनस्पती मातीतील पाणी शोषून हवेत सोडतात व त्यामुळे पुढील पावसासाठी मातीत जागा मोकळी होते. काळ्या जमिनीत या क्रियेने बारीक भेगा पुन्हा उघडत असल्याने तिचे महत्त्व अधिक आहे.

परिमाणे : एक हेक्टर क्षेत्रावर ५० मिमी. पाऊस पडला म्हणजे ५०० घ. मी., म्हणजेच पाच लक्ष लिटर पाणी पडते. पावसाचा जो अंश वाहून जातो, त्यास अपवाह गुणांक म्हणतात. अभियंते सामान्यतः छपरांसाठी ०.७५ ते ०.९५, डांबरी पृष्ठभागांसाठी ०.७० ते ०.९५, दाट औद्योगिक क्षेत्रांसाठी ०.६० ते ०.९० व भारी जमिनीवरील सपाट हिरवळीसाठी ०.१३ ते ०.१७ असे गुणांक धरतात. त्यानुसार ०.८५ गुणांकाच्या डांबरी हेक्टरावरून ४२५ घ. मी. पाणी वाहून जाईल, तर ०.१५ गुणांकाच्या हिरवळीवरून ७५ घ. मी. जाईल. हा फरक साडेतीन लक्ष लिटरांचा आहे. तथापि हे गुणांक सामान्य पावसाचे आहेत. सतत पावसाने फुगलेल्या काळ्या जमिनीवर हिरवळीचाही अपवाह पुष्कळ वाढतो व दोहोंतील अंतर कमी होते.

इक्रिसॅटच्या क्षेत्रावर १९७६ पासून चालू असलेल्या दीर्घकालीन प्रयोगात पावसाळ्यात पडीक ठेवलेल्या काळ्या जमिनीवरून पावसाचा सु. २५ टक्के भाग वाहून गेला व दर हेक्टरी वर्षाला सु. ६.४ टन माती गेली. रुंद वरंबे व सऱ्या काढून पावसाळ्यातही पिकाखाली ठेवलेल्या जमिनीत हे आकडे अनुक्रमे सु. १४ टक्के व १.५ टन होते. येथील सुधारणा आवरण व मशागत या दोहोंची एकत्रित आहे. औद्योगिक आवारातही केवळ लागवडीपेक्षा लागवड व जमिनीची रचना यांचा संयोग अधिक फलदायी ठरतो, असा बोध यातून घेता येतो.

मापन : प्रत्यक्ष जागेवर मुरण्याची गती मोजण्यासाठी दुहेरी कड्यांचे उपकरण वापरतात. सु. ३० सेंमी. व ६० सेंमी. व्यासाची दोन कडी एकात एक अशी जमिनीत ठोकून दोहोंत पाणी भरतात व आतील कड्यातील पातळी ठरावीक वेळाने मोजतात. बाहेरील पाण्यामुळे आतील पाणी आजूबाजूस पसरत नाही. भेगाळलेल्या काळ्या जमिनीवर एकाच ठिकाणचे मापन फसवे ठरते. म्हणून गाडीतळ, रस्त्याची कड, हिरवळ व वृक्षांखालील जमीन अशा प्रत्येक प्रकारच्या जागी अनेक मापने, तीही पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यात अशी दोनदा घेणे आवश्यक असते.

मुरणे व भूजल : मातीत मुरलेले सर्व पाणी भूजलाला मिळत नाही. त्याचा मोठा भाग मुळांच्या थरात थांबतो व वनस्पतींवाटे हवेत परत जातो. दाट व खोल मुळांचे वृक्ष मुरण्याची गती वाढवितात, पण त्याच वेळी अधिक पाणी वापरतात. अल्प पावसाच्या प्रदेशात निलगिरीसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या वृक्षांच्या दाट लागवडीने भूजलात भर पडण्याऐवजी घटही होऊ शकते. खोल काळ्या थराखाली मुरूम व सांध्यांचा बेसाल्ट असतो आणि विहिरींचे पाणी मुख्यतः याच थरांत साठते. फुगलेली काळी माती पाण्याला तेथवर सहजी जाऊ देत नाही. त्यामुळे खोल काळ्या जमिनीवर वनस्पति-आवरणाचा प्रमुख लाभ अपवाह मंदावणे, धूप थांबविणे व मातीतील ओल वाढविणे हा असतो. भूजलात भर घालावयाची असल्यास स्वच्छ छपरांचे पाणी, पहिल्या सरींचे काजळीयुक्त पाणी वगळून व गाळणीतून नेऊन, मुरमापर्यंत खोदलेल्या पुनर्भरण चरात वा विहिरीत सोडावे लागते. अशा चराच्या वरच्या अंगास गवताचा पट्टा असला, तर गाळ त्यातच अडतो आणि चर लवकर बुजत नाही.

मुरविण्याची मर्यादा : पाणी आपल्याबरोबर विद्राव्य पदार्थही खाली नेते. त्यामुळे शेतात जो गुण ठरतो, तोच कारखान्याच्या काही भागांत दोष ठरतो. मद्यार्काच्या आसवनीतून निघणाऱ्या अशोधित सांडपाण्याची जैव ऑक्सिजन मागणी दर लिटरला कित्येक हजार मिग्रॅ. असते व त्यात पोटॅशियमासह अनेक लवणे असतात. सांडपाण्याच्या टाक्या, मळीच्या टाक्या, इंधनतेलाचा साठा, राखेचे ढीग तसेच पोलाद कारखान्यांतील धातुमळी व भंगार यांच्या जागा यांच्याखाली पाणी मुरू देणे म्हणजे दूषिते विहिरीकडे पाठविणे होय. बेसाल्टातील सांध्यांतून पाणी फारसे गाळले न जाता पुढे सरकते, हे लक्षात घेता धोका वाढतो. उन्हाळ्यातील खोल भेगाही दूषितांना थेट खाली नेणाऱ्या वाटा ठरतात. या जागा अभेद्य अस्तराने व पक्क्या फरशीने झाकून त्यांवरील पावसाचे पाणी वेगळ्या गटाराने शुद्धीकरण केंद्रात नेणे इष्ट असते. त्यांच्या सभोवार लावलेल्या वृक्षांचा हेतू धूळ अडविणे हा असावा, पाणी मुरविणे हा नव्हे.

म्हणून उद्योगक्षेत्राचे तीन विभाग पाडणे सोयीचे असते : छपरे, कार्यालये, वसाहत व बागा यांचा स्वच्छ विभाग, जेथे पाणी मुरवावे, रस्ते व गाडीतळ यांचा मधला विभाग, जेथील पाणी गवताच्या पट्ट्यांतून व गाळ बसविणाऱ्या तळ्यातून नेऊन तपासल्यावरच मुरवावे, आणि साठवण व सांडपाण्याचा दूषित विभाग, जेथे पाणी मुरू देऊ नये. भारतात जल प्रदूषण प्रतिबंधक अधिनियम १९७४ मध्ये व पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६ मध्ये संमत झाला. त्यानंतर उद्योगांना दिलेल्या अनेक मंजुऱ्यांत एकूण क्षेत्राच्या ३३ टक्के भागावर हरित पट्टा राखण्याची अट घालण्यात आली. या अटीचा भर क्षेत्रफळावर असल्याने पट्टा कोणत्या विभागात आहे व त्याखालील जमीन पाणी घेते की नाही, याकडे स्वतंत्रपणे लक्ष द्यावे लागते.

आवरणाची उभारणी : दबलेल्या जमिनीवर प्रथम नांगराने वा खोल फाळाने, माती कोरडी असताना, दबलेला थर फोडतात. ओल्या मातीत हे काम केल्यास थर फुटण्याऐवजी अधिक घट्ट होतो. त्यानंतर सेंद्रिय द्रव्य मिसळतात. साखर कारखान्यात रस गाळताना उरणारा प्रेसमड हा गाळ चांगला कुजवून यासाठी वापरता येतो. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथे मँगॅनीज खाणीच्या ओसाड ढिगांवर प्रेसमड व जिवाणू खते वापरून वनस्पती वाढविण्याचे काम केले आहे. उसाचे पाचट जाळण्याऐवजी आच्छादन म्हणून पसरल्यास गवत रुजेपर्यंत थेंबांचा आघात ते झेलते.

लागवड थराथरांची असावी. जमिनीलगत हरळी वा मारवेल यांसारखी गवते, उतारावर व चरांच्या कडेने वाळ्याच्या समतल रांगा, त्यांमागे करंज, कडुनिंब, चिंच, बाभूळ यांसारखे कोरड्या हवेत टिकणारे वृक्ष अशी रचना या प्रदेशास मानवते. वृक्षांखालील पाचोळा तसाच राहू द्यावा. सर्वांत महत्त्वाची दक्षता वाहनांविषयी घ्यावी लागते. गाड्यांचे मार्ग व थांबे आखून त्यांना कठड्यांनी बंदिस्त केले नाही, तर अनेक वर्षांत घडलेली छिद्ररचना गाळपाच्या एका ओल्या पंधरवड्यात मोडते. वनस्पति-आवरणाची कार्यक्षमता त्यामुळे झाडांच्या संख्येवरून नव्हे, तर त्यांच्याखालील माती किती मोकळी राहिली आहे, यावरून ठरवावी लागते.